दा नांग: डॉलरवाल्यांना स्वस्त, आपल्याला कितीला पडतं?

पाचपैकी साडेतीन तारे. पहाटेचा समुद्र नसता तर तीनच दिले असते आणि शेजारी इमारतीचं काम चालू नसतं तर चार.

आता पैशाचं बोलते, कारण परत आल्यापासून कोल्हापूरच्या राजारामपुरीत जो भेटतो तो आधी तेच विचारतो, "लई स्वस्त हाय म्हणं की तिकडं!" व्हिएतनामच्या मधोमध समुद्रकाठी असलेल्या या शहराबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं, ते बहुतेक अमेरिकेत, युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात कमावणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. महिन्याला हजार डॉलरमध्ये ऐषारामात राहा, समुद्र पायाशी, कॉफी हातात. हजार डॉलर म्हणजे पंच्याऐंशी हजार रुपयांच्या वर झाले. शिरोली एमआयडीसीत महिनाअखेरीला एवढे हातात पडणारे किती जण आहेत ते तुम्हीच मोजा. स्वस्त ते त्यांना. आपण आपला हिशोब आपल्या खिशावरून करायचा, आणि माझा खिसा रुपयांचा आहे.

मी फाउंड्रींसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी, थ्रीडी मॉडेलिंग करते. कास्टिंगचं, म्हणजे ओतून घडवायच्या भागाचं, ड्रॉइंग आलं की त्यावरून साच्याचा पॅटर्न कसा निघेल, पोकळीसाठीचा कोअर कुठे बसेल, धातू आत नेणारे-पुरवणारे रनर-रायझर कुठून द्यायचे, पॅटर्न सुटून यावा म्हणून ड्राफ्टचा उतार किती ठेवायचा, हे सगळं संगणकावर उभं करून द्यायचं. ग्राहक उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलचे, शिवाय एक जर्मन. लॅपटॉप उचलून कुठेही बसता येण्यासारखं हे काम आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं आणि एकदाचं बसून बघितलं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "समुद्रावर बसून काम करती ती." समुद्रावर बसून कुणीही काम करत नाही हो. उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि पंख्यात वाळू गेली की दीड लाखाचं मशीन गेलं. वाळूत लॅपटॉप मांडीवर घेतलेले फोटो दिसतात, त्यांतल्या लॅपटॉपची बॅटरी तेवढी बघायची आहे मला.

तर हिशोब. मी होते तेव्हा एका रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळत. दुकानात उभ्या उभ्या आकडा काढायची युक्ती अशी: शेवटची तीन शून्यं झाकायची, उरलेल्याला तीनने भागायचं आणि दहाने गुणायचं. ४५,००० डोंगची वाटी म्हणजे दीडशे रुपये. नोटा बहुतेक प्लास्टिकच्या, सगळ्यांवर हो ची मिन्ह, आणि वीस हजारांची व पाच लाखांची दोन्ही निळ्या. अंधारात रिक्षावाल्याला द्यायच्या आधी शून्यं मोजावीत. तिथल्या भाजीवालीकडेही क्यूआर असतो, पण तो तिथल्या बँकेचा. माझं यूपीआय कुठेच चाललं नाही, रोख बाळगावी लागली.

समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, आन थुओंग भागात, एका खोलीचं सुसज्ज घर मला महिना नव्वद लाख डोंगला, म्हणजे तीस हजार रुपयांना मिळालं. जेवणखाण, कॉफी आणि फळं धरून पंचवीस हजार. बसायला टेबल भाड्याने घेतलं त्याचे आठ. वीज, फोन, ग्रॅब या अ‍ॅपवरून बोलावलेली गाडी, कपडे धुणं मिळून आणखी आठ-नऊ. सत्तर हजारांच्या पुढे गेलं, आणि यात विमान नाही. राजारामपुरीत खोलीच्या त्याच भाड्यात दोन बेडरूमचा फ्लॅट मिळून वर पैसे उरतात. म्हणजे कोल्हापूर सोडून पैसे वाचवायला कुणी दा नांगला जाणार असेल तर जाऊ नये. पण पुण्यात किंवा बंगळुरात भाडं भरून घरूनच काम करत असाल, तर मात्र ती खोली काही महिने सोडून इकडे येणं जवळपास बरोबरीत सुटतं आणि समुद्र फुकट पडतो. तो खरंच फुकट आहे. 'मी खे' नावाच्या इथल्या किनाऱ्यावर तिकीट नाही, कुंपण नाही, मोठ्या हॉटेलांच्या समोरच्या वाळूवरही कुणी हटकत नाही. पैसे लागतात ते खुर्ची, छत्री आणि गोड्या पाण्याच्या अंघोळीला.

खोलीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथेच निम्मं सुख-दुःख असतं. इमारतीचं नाव देत नाही. खोली स्वच्छ होती, गादी कडक, एसी नवा, बाल्कनीत कपडे वाळायचे आणि तळमजल्यावर वॉशिंग मशीन होतं. वीज वेगळी, युनिटला चार हजार डोंग, म्हणजे तेरा रुपयांच्या आसपास. सरकारी दर याहून कमी असतो, घरमालक आपला दर लावतात. माझं मशीन रेंडर किंवा सॉलिडिफिकेशनची, म्हणजे ओतलेला धातू कसा थिजेल याची, गणितं करायला लागलं की खोली तापवतं, त्यामुळे एसी दिवसभर. साधा लॅपटॉप असेल तर बिल माझ्या निम्मंही येणार नाही. आल्या दिवशी पासपोर्टचा फोटो मागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करणं घरमालकाचं काम असतं. ती केली की नाही हे विचारून घ्यावं.

आणि मग सकाळी सात वाजता शेजारच्या प्लॉटवर ड्रिल सुरू झालं. दा नांगचं हे दुखणं फोटोत दिसत नाही. समुद्राजवळच्या गल्ल्यांमध्ये दर चार घरांमागे एक पाडलेलं आणि एक उभं राहतंय. खोली बघायला मी रविवारी संध्याकाळी गेले तेव्हा गल्ली शांत होती आणि दाखवणाऱ्या बाईंनी त्या बाजूचा पडदा ओढून ठेवलेला होता. भाड्याविषयी तक्रार केली तर त्या गोड हसायच्या आणि पपई आणून द्यायच्या. पपई चांगली असायची. निघताना मात्र अनामत रकमेतून भिंतीवरच्या डागाचे पैसे कापले, जो डाग माझ्या आधीपासून तिथे होता. माझ्याकडे पहिल्या दिवसाचा व्हिडिओ होता, तो दाखवला तेव्हा निम्मे परत मिळाले. उरलेल्या निम्म्यापायी कापलेला एक तारा त्यांच्या खात्यावर.

मिटिंगला ड्रिलचा आवाज जायचा. शिरोलीचे एक शेठ, ज्यांच्या स्वतःच्या शॉपमध्ये शेकआउटचा, म्हणजे साचे हलवून फोडण्याचा, आवाज चालू असतो, ते मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही समुद्राकडं गेला म्हणून सांगितलं आणि बसलाय फेटलिंगमध्ये?" फेटलिंग म्हणजे कास्टिंग घासून साफ करायचं खातं. त्यानंतर मी टेबल भाड्याने घेतलं.

इंटरनेट चांगलं आहे. घरोघरी फायबर, कॅफेतही फायबर, आणि फोनचा डेटा स्वस्त. मोठ्या फाइल कोल्हापुरातल्यापेक्षा लवकर चढायच्या. एकच खोट: व्हिएतनामचं जगाशी असलेलं बरंचसं इंटरनेट समुद्राखालच्या मोजक्या केबलवर चालतं आणि त्या वारंवार बिघडतात. २०२३ च्या सुरुवातीला पाचही केबलमध्ये एकाच वेळी बिघाड होता. केबल गेली की देशातल्या साइट धावतात आणि परदेशी सर्व्हर रांगतात. माझ्या मुक्कामात असं झालं तेव्हा व्हिडिओ कॉल बंद करून आवाजावर भागवलं आणि फाइल रात्री पाठवल्या. ज्याचं काम तासातासाला परदेशी सर्व्हरवर अवलंबून आहे त्याने हा धोका धरूनच यावं. प्लगही बघा. आपली दोन पिनांची पिन बसते, जाड तीन पिनांची बसत नाही आणि ताकदवान लॅपटॉपचे चार्जर नेमके तीन पिनांचे असतात.

टेबल भाड्याने देणारी ठिकाणं आन थुओंग भागात बरीच आहेत. मला भिंतीला पाठ लागेल अशी जागा हवी होती, कारण ग्राहकाचं ड्रॉइंग मागून जाणाऱ्याला दिसलेलं चालत नाही. ती मिळाली. खुर्ची खरी खुर्ची होती. कॅफेंचं कौतुक सगळे करतात आणि तासन् तास बसलं तरी कुणी उठवत नाही हे खरं, पण स्टूल गुडघ्याएवढे, टेबल त्याहून बुटके आणि गाणी मोठ्याने. तिथे ईमेल लिहावेत. मॉडेलिंग करायला गेलं की दुसऱ्या दिवशी कंबर जाब विचारते.

मला सगळ्यात जास्त फायदा कशाचा झाला असेल तर घड्याळाचा. दा नांग आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. शिरोलीत दहाला माणसं फोनवर येतात तेव्हा तिथे साडेअकरा वाजलेले असतात. जर्मनीत उन्हाळ्यात सकाळचे नऊ म्हणजे दा नांगचे दुपारचे दोन. म्हणजे पहाटे पाचपासून साडेअकरापर्यंत माझ्याकडे कुणाचा फोन नाही, आणि ज्या कामाला शांत डोकं लागतं ते सगळं याच वेळात उरकतं. याची किंमत संध्याकाळी मोजावी लागते. कोल्हापूरचे सात वाजले की तुमचे साडेआठ, आणि आपल्याकडे सातला कुणी फोन ठेवत नाही. अमेरिकेचे ग्राहक असतील तर हे गणित पूर्ण उलटं होतं, रात्र जागून काढावी लागते. मग समुद्राकाठी राहून दिवसा झोपायचं, त्याला काय अर्थ?

मी खेचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. उन्हाळ्यात सव्वापाच-साडेपाचला सूर्य पाण्यातून वर येतो आणि तोपर्यंत अख्खं शहर तिथे हजर असतं. शाळकरी पोरं, म्हातारे, स्पीकर लावून व्यायाम करणाऱ्या बायका. साडेसातला सगळे गायब. दुपारी वाळूवर फक्त परदेशी भाजत पडलेले दिसतात. स्थानिक बायका उन्हाला इतक्या जपतात की जाकीट, हातमोजे, मास्क असं सगळं चढवून गाडी चालवतात, आणि पाण्यातही अंगभर कपड्यांत उतरणाऱ्या पुष्कळ असतात. त्यामुळे आपण कुडता-लेगिंगमध्ये पाण्यात गेलो तर कुणी वळूनही बघत नाही. एकटी बाई पहाटे पावणेपाचला रस्त्यावरून चालत जाते यातही कुणाला काही वाटत नाही. गोव्यात मला असं मोकळं कधी वाटलेलं नाही. हे मी मैत्रिणींना आवर्जून सांगते.

किनाऱ्याने उत्तरेला सोन ट्राच्या डोंगराकडे चालत गेलं की मान थायला मासेमारांच्या गोल टोपल्या दिसतात. टोपल्याच त्या, फक्त माणूस बसेल एवढ्या. पुढचं टोक नाही, मागचं नाही, तळाला कणा नाही. बांबूच्या पट्ट्या विणायच्या, फटींमध्ये शेण भरायचं, वाळलं की त्यावर झाडाच्या राळेचा थर द्यायचा, अशी जुनी रीत. आता बऱ्याच फायबरच्या आहेत आणि काहींना मोटरही लावलेली असते. माझा धंदाच आकारांचा, त्यामुळे मी एका उपड्या ठेवलेल्या बांबूच्या टोपलीजवळ बराच वेळ बसले. कडेला बांबूच्या दुहेरी कामट्या घालून नायलॉनच्या दोरीने आवळलेलं, आत आडव्या पट्ट्या, आणि पट्टीला वल्ह्याच्या घासण्याने पडलेली खाच. मालक आला, त्याने ती पाण्यात लोटली आणि एकाच वल्ह्याने, पुढच्या बाजूला पाण्यात आठचा आकडा काढत, लाट फोडून पलीकडे गेला. गोल वस्तू सरळ रेषेत कशी जाते हे मला कागदावर सांगता येईल, पण हाताने जमणार नाही. परतल्यावर मासे तिथेच वाळूवर विकतात. किचनमध्ये गॅस असेल तर तिथून घ्यावेत.

जेवणाबद्दल घरचे सगळ्यात जास्त काळजीत होते. दा नांगचा आपला म्हणावा असा पदार्थ म्हणजे 'मी क्वांग'. तांदळाच्या रुंद शेवया, हळदीने पिवळ्या केलेल्या, तळाला थोडासाच रस्सा, वर कोळंबी, डुकराचं किंवा कोंबडीचं मटण, उकडलेलं अंडं, भाजलेले शेंगदाणे आणि तिळाचा तांदळाचा पापड चुरून. बाजूला पानांचं ताट, त्यात पुदिना, तुळशीचे प्रकार, केळफुलाचे काप. हळद, शेंगदाणे, तीळ आणि पापड असल्यावर माणूस उपाशी राहत नाही. तिखट मात्र नाही. ताज्या मिरच्या आणि लिंबू देतात, पण मिरचीचा झणका वेगळा आणि आपल्या चटणीचा वेगळा. मी घरून कांदा-लसूण चटणीची पिशवी नेली होती. वाटीवर चमचाभर घातली, दुकानातल्या मावशींनी बघितलं, बोटाने चाखली, खोकल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला बघून स्वतःच वाटी पुढे करून चटणी मागितली. बुन चा का म्हणजे माशांच्या वड्यांचा शेवयांचा रस्सा, त्यात भोपळा आणि कोबी. तो पावसाळी दिवशी मला मी क्वांगपेक्षा आवडला. बान सेओचं, म्हणजे हळद घातलेल्या तांदळाच्या धिरड्याचं, फार नाव आहे. मला तेलकट वाटलं. बान मी या कडक पावाच्या सँडविचवर सकाळी भागायचं, पंचवीस हजार डोंग.

शाकाहारी असाल तर फलकावर 'चाय' शब्द शोधा. तशी दुकानं प्रत्येक वस्तीत आहेत, भात आणि चार-पाच भाज्या-टोफू ताटात वाढून शंभर रुपयांच्या आत पोट भरतं. पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी तिथलेही पुष्कळ लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी गाड्याही लागतात. बाकी ठिकाणी 'फक्त भाजी द्या' म्हणून उपयोग नाही. न्युओक माम हा माशांचा आंबवलेला सॉस भाजीतही असतो आणि तो घातला म्हणजे मासे घातले असं तिथे कुणी समजत नाही. गोमांस खात नसाल तर 'बो' एवढा शब्द पाठ करा. समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलांत टबमधले जिवंत मासे-खेकडे किलोवर असतात. दर आधी विचारा, वजन समोर करून घ्या, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

चहाचे हाल आहेत. दुधाचा उकळलेला चहा मिळत नाही, म्हणून पावडर आणि किटली नेली ते बरं झालं. पण कॉफीने भरपाई केली. ब्राझीलनंतर जगात सगळ्यात जास्त कॉफी व्हिएतनामची, आणि ती बहुतेक रोबस्टा जातीची, कडक. पेल्यावर पत्र्याची छोटी गाळणी ठेवतात, आत पूड, वर दाबायची जाळी आणि उकळतं पाणी. खाली पेल्यात घट्ट गोड कंडेन्स्ड मिल्क. थेंब पडायला सुरुवात व्हायला मिनिट जातं, संपायला आणखी चार-पाच. मग ढवळून बर्फावर ओतायची. वीस-पंचवीस हजार डोंग, म्हणजे सत्तर-ऐंशी रुपये, आणि सोबत बर्फाचा फिका चहा पाण्यासारखा फुकट येत राहतो. जवळच्या हुए शहराची मीठ घातलेली कॉफीही इथे मिळते. ती एकदा जरूर घ्या. संध्याकाळी पाचनंतर कुठलीच घेऊ नका, रात्रभर छतावरच्या पाली मोजाल.

गाडीचा विषय कोल्हापूरकराला जिव्हाळ्याचा. तिथे सगळं शहर दुचाकीवर चालतं आणि कुठल्याही कोपऱ्यावर स्कूटर भाड्याने मिळते, कुणी परवाना विचारत नाही. पण पोलीस विचारतात. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा परवाना मानतं. म्हणजे तो खिशात असून नसल्यासारखा. जानेवारी २०२५ पासून दंडही बरेच वाढवलेत. दंड परवडेल, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, आणि तिथली वाहतूक उजवीकडून आहे. पन्नास सीसीच्या आतल्या किंवा छोट्या इलेक्ट्रिक गाडीला परवाना लागत नाही. मी सायकल घेतली. शहर सपाट आहे, रस्ते रुंद आहेत. लांब जायचं तर ग्रॅबवरून दुचाकीवाला बोलवायचा, तीन किलोमीटरला पन्नास-साठ रुपये, हेल्मेट तोच देतो.

बघण्यासारखं काय, हा प्रश्न मी पटकन उरकते. बा ना हिल्सचा दगडी दिसणाऱ्या दोन हातांवरचा पूल फोटोत आहे तेवढाच आहे आणि तिकीट जबर आहे. होई आन तीस किलोमीटरवर, कंदिलांचं गाव, संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नाही, सकाळी सातला जा. ड्रॅगन पूल मात्र मला आवडला, आणि तो आठवड्याअखेरीला रात्री नऊला तोंडातून आग आणि पाणी सोडतो म्हणून नव्हे. २०१३ साली खुला झालेला हा ६६६ मीटरचा पूल. ड्रॅगनचं अंग म्हणजे पोलादी नळ्यांची कमान आणि तीच पुलाचा भार घेते. आधी पूल बांधून मग वर सजावट चिकटवली असं नाही. पुलाच्या पश्चिम टोकाला चाम शिल्पांचं संग्रहालय आहे, १९१९ साली सुरू झालेलं, तिथे अर्धा दिवस ठेवा. एकेकाळी या किनाऱ्यावर चाम राजे होते आणि ते शिवाची पूजा करत. दालनभर शिवलिंगं, नाचणाऱ्या अप्सरांची ट्रा किऊची बैठक आणि सातव्या-आठव्या शतकातला गणपती. दुपारची वेळ, आत पंखे, माणसं चार.

ते बघून 'मी सोन' या चाम राजांच्या देवळांच्या जागी जाणं आलंच. त्याला एक दिवस काढा. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराचं पहिलं देऊळ बांधलं आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत विटांची देवळं उभी राहत गेली. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात त्यांतली बरीच पडली, खड्डे अजून दिसतात. खिद्रापूरचा कोपेश्वर ज्यांनी डोळे भरून बघितलाय त्यांना इथे मोडतोड जास्त आणि कोरीवकाम कमी वाटेल. पण विटांचे सांधे बघा. चुन्याची रेघ दिसत नाही, नखही शिरत नाही. नंतर डागडुजी केलेला भाग लगेच ओळखू येतो, कारण तिथे सांधा दिसतो. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं इथे काही वर्षं काम करत होती आणि २०२० मध्ये त्यांना खोदताना नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. १ जुलै २०२५ पासून क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झाल्यामुळे होई आन आणि मी सोन दोन्ही आता कागदोपत्री दा नांग शहरातच आहेत. अंतर काही कमी झालेलं नाही.

कधी जायचं, याला माझं उत्तर फेब्रुवारी ते मे. जून-जुलैत समुद्र काचेसारखा असतो, पण दुपारी पस्तीसच्या वर आणि घामाने जीव जातो. सप्टेंबर ते डिसेंबर पावसाचे, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर वादळांचे. त्या दिवसांत खोल्या निम्म्या भावात मिळतात ते उगीच नाही. १४ ऑक्टोबर २०२२ ला अख्खं शहर पाण्यात गेलं होतं. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर बघितलेल्या माणसाला जास्त सांगायला नको. तळमजल्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये आणि गल्लीतल्या भिंतींवर पाण्याची रेघ आहे का ती आधी बघावी.

ई-व्हिसा नव्वद दिवसांचा मिळतो, एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०. सरकारी साइटवरूनच काढा. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या साइट दुप्पट पैसे घेतात. नाव पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत जसं आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट भरा. तिथे बसून परदेशातली कामं करणाऱ्यांसाठी असा वेगळा व्हिसा व्हिएतनामकडे नाही. सगळे पर्यटक म्हणूनच येतात, मीही तशीच गेले. आपल्याच ग्राहकांचं काम केलं तर कुणी विचारायला येत नाही, पण कायद्याने उघड परवानगी आहे असंही नाही. तिथल्या कंपनीकडून पैसे घ्यायच्या भानगडीत मात्र अजिबात पडू नका.

कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबई, तिथून हो ची मिन्ह सिटी आणि पुढे देशांतर्गत विमानाने दीड तासात दा नांग. मध्ये सामान घेऊन दुसऱ्या टर्मिनलला जावं लागतं, चार-पाच तासांची फट ठेवा. दा नांगचा विमानतळ गावातच आहे, समुद्रापर्यंत पंधरा मिनिटं. स्वस्त विमान कंपन्या केबिनमध्ये सात किलोच नेऊ देतात आणि लॅपटॉपची पिशवीही त्यातच मोजतात. माझं मशीन चार्जरसकट साडेतीन किलोचं आहे. त्यामुळे चटणी खालच्या बॅगेत टाका, दोन पिशव्यांमध्ये बांधून.